सहलीला जाल तेव्हा पाणी पाहा

शाळेची सहल औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जाणार असे कळले की तुम्हांला किती आनंद होतो! बीबी का मकबरा, पाणचक्की, दौलताबादचा किल्ला आणि शेवटी वेरूळ, अशी यादी ठरलेली असते. मी विद्यार्थ्यांबरोबर तेथे अनेकदा गेले आहे. परत येताना बसमध्ये एकच चर्चा चालते. मकबरा ताजमहालापेक्षा लहान का? तो सगळा संगमरवरी का नाही? मला वाटते, या प्रश्नांत वेळ घालवण्यापेक्षा तुम्ही दुसराच प्रश्न विचारावा. या शहरात पाणी कोठून आले?

मकबरा सुंदर आहे, यात शंका नाही. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू 1657 मध्ये वारली. तिची ही कबर. अताउल्लाह आणि हंसपतराय या दोघांची नावे तिच्या बांधकामाशी जोडलेली आहेत. पण घुमटाकडे पाहून झाल्यावर समोरच्या हौदांकडे आणि कारंज्यांकडेही पाहा. डोंगरांनी वेढलेल्या, कमी पावसाच्या या भागात एवढी बाग फुलवायची तर पाण्याची सोय आधी हवी.

ही सोय करण्याचे मोठे काम मलिक अंबरने केले. तो मूळचा हबश देशाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्याने खडकी नावाच्या गावी नवे शहर वसवले. हेच पुढचे औरंगाबाद. लोक आणायचे तर पाणी आणले पाहिजे, हे त्याने ओळखले. डोंगरात झिरपलेले पाणी जमिनीखालच्या नहरीतून आणि नळांतून त्याने शहरात आणले. तीच नहर-ए-अंबरी. तिला ना वीज लागे, ना इंजिन. जमिनीचा उतार आणि पाण्याचा दाब एवढ्यावरच ती चाले. पाणी आपली पातळी शोधते, हा नियम तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचता. तो येथे जमिनीखाली राबताना दिसतो.

पाणचक्कीजवळ हे आणखी स्पष्ट होते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ ही चक्की आहे. डोंगरातून खापराच्या नळांनी आलेले पाणी उंचावरून हौदात पडते. त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. पाण्याने तहान भागवली आणि भाकरीही दिली.

आता दौलताबाद आठवा. 1327 मध्ये मुहंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी तेथे हलवली आणि काही वर्षांतच लोकांना परत जावे लागले. त्याच्या कारणांत पाण्याची टंचाईही सांगितली जाते. किल्ला कितीही मजबूत असो, तहानेपुढे त्याचे काय चालणार?

मी हे बीडच्या मुलांना मुद्दाम सांगत आहे. टँकरपुढची घागरींची रांग तुम्हांला नवी नाही. 2016 मध्ये आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आणि संभाजीनगर? ते आज पैठणच्या जायकवाडी धरणावर अवलंबून आहे. तेथून पाणी विजेच्या पंपांनी वर चढवावे लागते. जुन्या नहरीचे बरेच भाग मात्र फुटले, बुजले. काही ठिकाणी तिच्यावर घरे उभी राहिली.

कोणी म्हणेल, लाखो लोकांच्या शहराला जुनी नहर कशी पुरणार? खरे आहे, पुरणार नाही. पण घरात चार घागरी पाणी असताना ते ओतून देऊन पाचव्या घागरीसाठी वणवण करणे शहाणपणाचे नाही. मकबऱ्याला तडा गेला तर वर्तमानपत्रात बातमी येते. नहर फुटली तर कोणाला कळतही नाही, कारण ती जमिनीखाली आहे. जे दिसत नाही त्याचीही राखण करावी लागते.

यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या बीड शहराबाहेर दक्षिणेला खजाना बावडी आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने ती बांधवली. तिचे पाणी भुयारी नहरीने शेतांपर्यंत जाई. त्यासाठी मोट ओढावी लागत नसे. आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे?

म्हणून माझे तुम्हांला सांगणे आहे. पुढच्या सहलीआधी खजाना बावडी पाहून या. तिच्यात कचरा टाकू नका, कोणी टाकत असेल तर नम्रपणे थांबवा. पाणी कोठून येते आणि कोठे जाते, ते वहीत काढा. मग संभाजीनगरला जा. तेथे फोटो जरूर काढा, पण मार्गदर्शकाला पाण्याचा प्रश्नही विचारा. बादशहांची नावे परीक्षेपुरती लक्षात राहतील. पाणी राखण्याची अक्कल मात्र आयुष्यभर उपयोगी पडेल.