चौकटीबाहेरचे बेट

दक्षिण अटलांटिकमधील दक्षिण जॉर्जिया या बेटाची छायाचित्रे आता आपल्याकडे अपरिचित राहिलेली नाहीत. सुमारे १७० किलोमीटर लांबीच्या या बेटावर विमानतळ नाही. अनेक दिवसांच्या समुद्रप्रवासानंतरच तिथे पाऊल ठेवता येते. तरीही जाऊन आलेल्या हौशी छायाचित्रकारांच्या पडद्यावरील कार्यक्रमांमुळे ते घरबसल्या आपल्या ओळखीचे झाले आहे. किंग पेंग्विनांनी ओसंडणारा किनारा, मागे हिमनदी, पुढे वाळूत लोळणारे एलिफंट सील. ही चित्रे सुंदर असतात, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांच्यासोबत हमखास उच्चारल्या जाणाऱ्या एका शब्दाशी: ‘अस्पर्श’.

हा शब्द नुसता चुकीचा नाही, तो खोटा आहे. या बेटाला झालेला मानवी स्पर्श मोजता येतो. १७७५ मध्ये कॅप्टन कुक तिथे उतरला. त्याने केलेल्या सीलांच्या वर्णनाचा माग काढत शिकारी आले आणि पुढच्या शतकभरात त्यांनी फर सील जवळजवळ नामशेष केले. १९०४ मध्ये कार्ल अँटन लार्सन याने ग्रिटव्हिकेन येथे देवमाशांच्या तेलाचा कारखाना उभारला. १९६५ पर्यंत या बेटावर सुमारे पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. स्ट्रॉमनेस, लीथ, हुसविक येथील ओसाड कारखाने अजून गंजत उभे आहेत. तिथले पत्रे आणि ॲस्बेस्टॉस इतके धोकादायक, की त्यांच्या २०० मीटरच्या आत जायला मनाई आहे. कॅमेरा थोडा डावी-उजवीकडे वळवला की चौकटीत काय शिरेल, हे छायाचित्रकाराला पुरते ठाऊक असते. म्हणूनच तो वळवला जात नाही.

या सवयीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. शॅकल्टनच्या ‘एन्ड्युरन्स’ मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली १९१७ मध्ये या बेटावर पुन्हा गेला तो केवळ चित्रीकरणासाठी. मोहिमेवरील चित्रपटासाठी प्राण्यांची दृश्ये हवी होती. ‘साउथ’ या नावाने तो १९१९ मध्ये पडद्यावर आला. हर्ली पेंग्विन आणि सील टिपत होता तेव्हा महायुद्ध चालू होते, स्फोटकांसाठी लागणारे ग्लिसरीन देवमाशांच्या तेलातूनही काढले जात होते आणि ग्रिटव्हिकेनच्या भट्ट्या पेटलेल्या होत्या. वेगवेगळ्या काचा जोडून एकच चित्र बनवण्याबद्दल हर्लीवर पुढे टीका झाली. गंमत अशी की, चित्रात नसलेले आणून जोडले तर ती लबाडी ठरते. समोर असलेले वगळले तर मात्र ती दृष्टी ठरते, तिला बक्षिसे मिळतात.

यावर छायाचित्रकारांचे उत्तर ठरलेले आहे: सुंदर चित्र पाहूनच लोकांना निसर्गाविषयी प्रेम वाटते आणि प्रेमातून संरक्षण घडते. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण प्रेम नेमके कशावर बसते, ते पाहिले पाहिजे. आज दिसणारे दक्षिण जॉर्जिया हे माणसांनी आधी मोडलेले आणि मग कष्टाने सावरलेले बेट आहे. जहाजांतून आलेले उंदीर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त करीत. त्यांच्या नायनाटासाठी २०११, २०१३ आणि २०१५ अशा तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकले गेले. त्यात इतर काही पक्षीही दगावले. २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले आणि जगात इतरत्र कुठेही न आढळणारा तिथला पिपिट पक्षी पुन्हा किनाऱ्यांवर गाऊ लागला. नॉर्वेच्या लोकांनी १९११ मध्ये आणून सोडलेल्या रेनडिअरांच्या वंशजांना २०१३ पासून गोळ्या घालून संपवावे लागले. विष आणि बंदूक हीही संरक्षणाची हत्यारे असू शकतात, हे ‘अस्पर्श’ बेटावर भाळलेल्या प्रेक्षकाच्या गळी कसे उतरणार? ज्याला जखम दाखवलीच नाही, त्याला औषध क्रूर वाटणारच.

बरे, हा दूरदेशीचाच प्रकार म्हणून सोडून द्यावा, तर आपल्या ताडोब्यातही तेच. नवेगाव, जामणी ही गावे तिथून हलवली गेली आणि त्यांच्या जागी आता कुरणे आहेत. त्या कुरणातला वाघ आपण ‘निर्मनुष्य रानाचा राजा’ म्हणून भिंतीवर लावतो. पुनर्वसन योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण तो प्रश्न पडण्याची शक्यताच ही चौकट कापून टाकते. निर्मनुष्य रान आणि माणसे उठवलेले रान यांत फरक आहे, आणि तो भाषेने सांगायचा नाही तर कोणी?

म्हणून माझी तक्रार कॅमेऱ्यापेक्षा शब्दांबद्दल अधिक आहे. छायाचित्राला चौकट असणे अपरिहार्य आहे. चित्राखालच्या मजकुराला ती सबब नाही. २०२३ मध्ये बर्ड फ्लूचा विषाणू दक्षिण जॉर्जियात पोहोचला आणि एलिफंट सीलांच्या तीन सर्वांत मोठ्या वसाहतींतील प्रजननक्षम माद्यांची संख्या २०२२ ते २०२४ या काळात जवळजवळ निम्म्यावर आली. त्याआधी टिपलेला भरगच्च किनारा आज दाखवताना साल न सांगणे ही साधी विस्मृती मानता येणार नाही. आपले प्रवासवर्णनकार आणि कार्यक्रमांचे निवेदक यांच्याकडे मागणे फार मोठे नाही. चित्राचे साल सांगा. चौकटीच्या डावीकडे काय होते ते सांगा. हे पेंग्विन आणि हे सील कुणाच्या तावडीतून वाचले, कुणामुळे वाचले, तेही सांगा. एवढे सांगून चित्राचे सौंदर्य कमी होत असेल, तर ते मुळातच आपल्या अज्ञानावर उभे होते असे म्हणावे लागेल.