बांधीपासून जामठ्यापर्यंत

धान निघून बांध्या रिकाम्या झाल्या की भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळसारख्या गावात पोरांचं क्रिकेट सुरू होतं. धसकटं उपटायची, ढेकळं पायाने दाबायची, झाली पिच तयार. चेंडू अर्थातच टेनिसचा.

पण इथून मोठ्या क्रिकेटपर्यंत जायला शिडी लागते. अमेरिकेत बेसबॉलच्या बड्या संघांच्या हाताखाली दुय्यम संघांची उतरंड असते. ए, डबल ए, ट्रिपल ए अशा पायऱ्या चढत खेळाडू वर येतो. आपल्याकडे ते काम वयोगटाचे संघ करतात. विदर्भाने ते मन लावून केलं.

२०२४-२५च्या रणजी मोसमात यश राठोडने ९६० धावा काढल्या. हर्ष दुबेने तर ६९ बळी घेऊन एका मोसमातल्या सर्वाधिक बळींचा विक्रमच मोडला. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावरच्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध दानिश मालेवारने १५३ आणि ७३ धावा केल्या, त्याही पहिल्याच मोसमात! सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला. एकेकाळी याच संघाला कुणी मोजत नव्हतं.

मात्र वयोगटाच्या संघांची ही शिडी नागपुरात उभी आहे आणि भंडारा-पवनी रस्त्यावरच्या पोराला आधी तिच्यापाशी पोचावं लागतं. खापरखेड्याजवळच्या कोळसा खाण कामगाराचा मुलगा, वेगवान गोलंदाज उमेश यादव बरीच वर्षं टेनिस चेंडूवरच खेळला. लेदरचा चेंडू हाती आला तो उशिरा. तरीही २००८मध्ये रणजी, २०११मध्ये कसोटी.

अड्याळच्या बांधीत लेदरचा चेंडू कधी येणार, हे मात्र कुणी विचारत नाही.