जवानाच्या बाजूने उभी राहणारी कादंबरी

युद्धविरोधी कादंबऱ्या जवानाचा अवमान करतात, हे मत इस्लामपूरच्या आसपास नवे नाही. वाळवा तालुक्यातून, वरच्या अंगाला माण-खटावमधून, साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पोरे पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जात आली. घराच्या भिंतीवर आजोबांचा गणवेशातला फोटो आहे आणि त्याच घरात ‘लढाई माणसाला आतून मोडते’ असे सांगणारे पुस्तक यावे, हे पुष्कळांना मनापासून खटकते. या भावनेत खोटेपणा नाही. म्हणूनच तिला झटकून न टाकता मुद्द्याने उत्तर द्यायला हवे.

सगळ्यात जोरात मांडला जाणारा आक्षेप मनोबलाचा. अशी पुस्तके वाचून पोरे कच खातील, भरतीला जाणार नाहीत, गेली तरी लढणार नाहीत, असे म्हटले जाते. याचा पडताळा इतिहासात आहे. एरिक मारिया रेमार्कची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही जर्मन कादंबरी जानेवारी 1929 मध्ये पुस्तकरूपाने आली. ती सैनिकाची बदनामी करते, असा ओरडा नाझींनी केला. 1930 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये तिच्यावरचा चित्रपट लागला तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडून खेळ बंद पाडला आणि मे 1933 मध्ये पुस्तकाची होळी झाली. इंग्रजी भाषांतर 1929 सालीच निघाले होते. ते वाचत वाढलेली ब्रिटिश तरुण पिढी दहा वर्षांनी हिटलरशी लढलीच. आणि ज्या राजवटीने हे पुस्तक जाळले, तिने 1945 मध्ये सोळा-सोळा वर्षांची पोरे तोफांच्या तोंडी दिली. पोरांच्या जिवाची कदर कोणाला होती, हे यावरून ठरवावे.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. ही सगळी युरोपातल्या शहरी, शिकलेल्या पोरांची कथा. आपला गडी शेतकऱ्याचा, स्वखुशीने गेलेला, त्याचे मन असे हळवे नसते, असे सांगितले जाते. पण रेमार्कची पोरेसुद्धा स्वखुशीनेच गेली होती. कँटोरेक नावाचे मास्तर वर्गात देशभक्तीची भाषणे देतात आणि अख्खा वर्ग त्यांच्या मागोमाग भरतीच्या कचेरीत जातो. रेमार्क स्वतः अठराव्या वर्षी सैन्यात गेला आणि 1917 च्या जुलैअखेर जखमी झाला. त्याचा नायक पॉल रजेवर घरी येतो, आपल्या खोलीत आवडत्या पुस्तकांसमोर बसतो आणि त्यातले एकही त्याच्याशी बोलेनासे होते. आई जेवायला वाढते, वडील आघाडीवरच्या गोष्टी विचारतात, आणि सांगावे कसे ते त्याला सुचत नाही. रजेवरच्या जवानाला सोसायटीच्या कट्ट्यावर ‘काय, तिकडं कसं काय?’ असे विचारले की तो ‘बरं हाय’ म्हणून विषय बदलतो, हे या भागात कोणाला नवे आहे?

शेतकऱ्याचेच म्हणाल तर याच कादंबरीतला डेटरिंग बघावा. घरी शेत आहे, बायको ते एकटी सांभाळते आहे. गोळ्यांनी फाटलेल्या घोड्यांचा आक्रोश त्याला माणसांच्या किंकाळ्यांहून असह्य होतो. मुक्या जनावरांना लढाईत ओढणे हेच त्याला सगळ्यात नीच वाटते. पुढे एक दिवस त्याला फुललेले चेरीचे झाड दिसते. तो फांदी घेऊन येतो, दोन-चार दिवस गप्प राहतो आणि घराच्या वाटेला लागतो. मिलिटरी पोलीस त्याला पकडतात आणि नंतर त्याचे नाव कानावर येत नाही. ज्याच्या दावणीला बैलजोडी होती, त्याला हे प्रकरण परके वाटणार नाही. मुल्कराज आनंदांनी 1940 च्या सुमारास ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ लिहिली तिचा नायक लालूही पंजाबी शेतकऱ्याचाच पोर. घराण्याची गेलेली जमीन परत मिळेल या आशेने तो फ्रान्सच्या चिखलात उभा असतो.

वय तर आजही तेच आहे. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत भरतीची किमान मर्यादा साडेसतरा वर्षांची. चार वर्षांनी चौघांतला जास्तीत जास्त एक कायम होणार, बाकीचे पंचविशीच्या आत-बाहेर घरी परतणार. पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणाऱ्या पोराच्या छातीचे, उंचीचे, दमाचे मोजमाप सगळे घेतात. परत येणाऱ्या पोराच्या मनाचे मोजमाप घ्यायला गावाकडे कोणते साधन आहे?

आपल्या माणसांचे काय झाले, हेही पाहू. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या. कुट-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी अडकल्या होत्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. अन्न संपत आले तसे घोडे कापले गेले. धर्मापायी अनेक हिंदी शिपायांनी ते मांस शेवटच्या आठवड्यांपर्यंत नाकारले आणि स्कर्व्हीने त्यांची हाडे-हिरड्या पोखरल्या. मग शरणागती आणि तुर्कांची कैद. एकट्या अपशिंग्याचे 46 जवान त्या महायुद्धात गेले. गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडले गेले. मेसोपोटेमियात पडलेल्या, ज्यांना कबर वा चिता लाभल्याची नोंद नाही अशांसाठी बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. त्या स्मारकाचे अनावरण मार्च 1929 चे, म्हणजे रेमार्कची कादंबरी आली त्याच वर्षीचे. एका पुस्तकाने एकोणीस-वीस वर्षांच्या एका सामान्य शिपायाला नाव, आई आणि भीती दिली. त्याच वर्षी दगडाने आपल्या शिपायाचे नावसुद्धा घेतले नाही. मग अवमान कोणी केला?

राहिला न्याय्य युद्धाचा मुद्दा. हिटलरशी लढायलाच हवे होते. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी 1943 मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तो उगीच नाही. हे शंभर टक्के मान्य. पण युद्ध न्याय्य असले म्हणून लढणारा कोरडा राहतो, हे मात्र मान्य करता येत नाही. जोसेफ हेलरची ‘कॅच-22’ आणि कर्ट व्हॉनेगटची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ या दोन्ही कादंबऱ्या हिटलरविरुद्ध लढलेल्यांनीच लिहिल्या आहेत. 1944 च्या उन्हाळ्यात हेलर इटलीवर बॉम्बफेकीच्या फेऱ्या करत होता. त्याच उन्हाळ्यात, 10 जुलैला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे जमिनीवर लढत होता. वय बावीस.

त्याच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात घडलेले सगळे नमूद आहे. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. हा एकटाच मशीनगनच्या ठाण्यावर धावला. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा गप्प केले, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याने ठेचून मारले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपले. त्याचा देह सापडला नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. हे शौर्य निर्विवाद. पण हातातल्या बंदुकीच्या दस्त्याने, इतक्या जवळून, दोन माणसे संपवलेला बावीस वर्षांचा पोर जगला असता, गावी भातलावणीला परतला असता, तर रात्री त्याला काय दिसले असते? मानपत्र हा प्रश्न विचारत नाही, ते त्याचे कामही नव्हे. तो प्रश्न कादंबरी विचारते. रेमार्कचा पॉल खड्ड्यात आपल्या हातून भोसकलेल्या फ्रेंच शिपायाशेजारी तासन्‌तास अडकतो, त्याचे पाकीट उघडतो, त्यात बायको-मुलीचे फोटो सापडतात, आणि तो छापखान्यात काम करणारा माणूस होता हे कळते. त्या प्रकरणात शौर्याला नाव ठेवलेले नाही. शौर्याची किंमत कोण चुकवतो, एवढेच दाखवले आहे.

या साहित्याच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. युद्धातून आलेला प्रत्येकजण मोडलेलाच असतो, असे रंगवणारे लेखनही पुष्कळ आहे आणि ते खोटे आहे. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवने दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या काठावरून सुरक्षित जागी नेले आणि मग मशीनगनची ठाणी उद्‌ध्वस्त केली. युद्ध माणसाला क्रूर करते, तसे एखाद्याला दुसऱ्यासाठी मरायलाही उठवते. चांगली युद्धविरोधी कादंबरी हे लपवत नाही. पॉलही काट या आपल्या सोबत्याला पाठीवर घेऊन धावतो. पोचतो तेव्हा काट पाठीवरच संपलेला असतो.

मराठीत विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ 1939 मध्येच आली, पण तिचे रणांगण बोटीवरचे आहे, शिपायाचे नाही. ज्या मुलखाने इतके शिपाई दिले, त्याच्या मनातली लढाई सांगणारी कादंबरी म्हटले की नावे बोटांवर मोजावी लागतात. पोवाडे आहेत, स्मारके आहेत, मिरवणुका आहेत. गावात हुद्दा कोणताही असो, निवृत्त जवानाला ‘मेजर’ म्हणून हाक मारली जाते; या हाकेत आदर आहे, पण त्या आदराआड मेजरना बोलते करायचे राहून जाते.

म्हणून इस्लामपूर, कराड, विटा इथल्या भरतीपूर्व अकादम्यांनी धावण्याच्या सरावाबरोबर ही पुस्तके पोरांच्या हाती द्यावीत. महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांनी पोरापोरींना गावातल्या मेजरांकडे पाठवावे आणि 1971 ची लढाई, श्रीलंका, सियाचिन, कारगिल हे त्यांच्या तोंडून, त्यांच्या बोलीत उतरवून घ्यावे. तिथूनच उद्याचा कादंबरीकार निघेल. 1971 मध्ये विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे जावे, वही घेऊन.