बारा माणसं आणि एक टाइमटेबल

मंडळी, ॲप म्हटलं की आपल्याला लगेच स्टार्टअप, करोडोंचं फंडिंग आणि बंगळुरूची काचेची बिल्डिंग दिसते. पण मोबाईलमधली खरोखर कामाला येणारी ॲप्स आठवून बघा. त्यातली काही एखाद्या माणसाच्या किंवा चार-पाच जणांच्या डोक्यातून निघाली आहेत.

मुंबईत नोकरीला असलेल्या भाच्याला एम-इंडिकेटरबद्दल विचारा. सचिन टेके या मराठी इंजिनिअरने ते २०१० मध्ये आणलं. तेव्हा स्मार्टफोन मोजक्यांच्या खिशात होते, म्हणून ते साध्या जावा फोनवरही चालायचं. काम एकच, लोकलचं टाइमटेबल, तेही नेट नसताना. बाकीच्या सोयी मागून आल्या. वेळापत्रक रेल्वेकडे होतंच. ते प्रवाशाच्या हातात सोप्या रीतीने द्यावं, हे एका पोराला सुचलं.

आपल्या भुसावळ जंक्शनवर लोक ज्यात गाडी बघतात ते 'व्हेअर इज माय ट्रेन' घ्या. सिग्मॉईड लॅब्स नावाच्या बंगळुरूच्या छोट्या कंपनीने ते बनवलं. गाडीत बसलेल्या माणसाचा फोन कोणत्या टॉवरला लागलाय, त्यावरून ते जागा ओळखतं. नेट नको, जीपीएस नको. २०१८ च्या डिसेंबरात गुगलने ती कंपनीच विकत घेतली.

तिसरा माणूस राजस्थानातल्या अलवरचा. इम्रान खान, संस्कृत शाळेतले गणिताचे शिक्षक. स्वतःच शिकून त्यांनी पन्नासच्या वर शैक्षणिक ॲप्स केली आणि फुकट दिली. नोव्हेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी लंडनच्या वेम्बली स्टेडियममधल्या भाषणात त्यांचं नाव घेतलं.

या सगळ्यांनी लोकांची अडचण जवळून बघितली आणि आधी एकच काम नीट केलं. एवढंच.

आता आपल्याकडे या. नळाला रोज पाणी येत नाही, मग आज कोणत्या भागात सुटणार? चोपड्याहून शिरपूरला शेवटची एसटी कितीला? रावेर-यावलच्या केळीवाल्याला आज जाहीर झालेला भाव कुठे कळतो, आणि बांधावर व्यापारी किती देतोय? हतनूरचे दरवाजे उघडले तर तापीकाठच्या गावाला किती आधी कळतं? ही सगळी छोट्या ॲपची कामं आहेत. आज ती व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोंवर चालतात, आणि त्यातला निम्मा फोटो मागच्या वर्षीचा निघतो.

पोरं नाहीत म्हणून ही ॲप्स होत नाहीत, असं अजिबात नाही. जळगाव, धुळे, शिरपूर इथून दरवर्षी इंजिनिअर आणि बीसीए-एमसीएवाले बाहेर पडतात. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून लायब्ररी मॅनेजमेंट करतात, फाईल बांधतात, मार्क घेतात आणि पुण्याची गाडी धरतात. त्यांना इथला प्रश्न कोणी दिलेलाच नसतो.

माझ्या मते अडचणी दोन आहेत, आणि दोन्ही आपल्या हातातल्या आहेत.

पहिली, माहितीची. बाजार समित्यांचे रोजचे भाव केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवर असतात, आणि सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवरून ते थेट ॲपमध्ये घेता येतात. म्हणजे कापूस-मक्याच्या भावाचं साधं मराठी ॲप करायला कोणाची परवानगी लागत नाही. पण एसटीचं वेळापत्रक स्टँडवरच्या फळ्यावर, आणि पाण्याचं वेळापत्रक कुठल्यातरी फोटोत. फोटोवरून ॲप कसं चालणार? रोज कोणीतरी बसून टाइप करायचं का? माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सांगतं की माहिती कार्यालयाने स्वतःहून, वेळोवेळी, इंटरनेटवरसुद्धा द्यावी. डेपोने आणि पालिकेने आपलं वेळापत्रक एका एक्सेल फाईलमध्ये टाकावं. टेंडर नको, उद्घाटन नको. ॲपच्या पहिल्या पानावर पदाधिकाऱ्यांचे फोटो तर नकोतच.

दुसरी अडचण माणसांची. प्ले स्टोअरवर खातं उघडायला २५ डॉलर लागतात, तेही एकदाच. तेवढे पोरगं जमवतं. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला गुगलने अट घातली, की ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी २० जणांनी ते सलग १४ दिवस चाचणीत ठेवायचं. डिसेंबर २०२४ मध्ये ती संख्या १२ केली. पुण्याच्या ऑफिसात १२ जण एका रांगेत बसलेले असतात. पाचोऱ्याच्या किंवा साक्रीच्या पोराने कोणाच्या दारात जायचं? आपण दिवसाला पन्नास गुड मॉर्निंग पुढे ढकलतो, पण ओळखीच्या पोराने केलेलं ॲप १४ दिवस ठेवायचं म्हटलं की 'बघू रे' म्हणतो.

काही जण म्हणतील, एकट्याचं ॲप टिकत नाही. पोराला नोकरी लागली की बंद. खरं आहे. म्हणूनच हे कॉलेजने हातात घ्यावं. यंदाच्या बॅचने केलेलं ॲप पुढच्या बॅचने सुधारावं, कोड सगळ्यांसाठी खुला ठेवावा. दरवर्षी नवी लायब्ररी मॅनेजमेंट करण्यापेक्षा एकच एसटीचं ॲप पाच वर्षं सुधारत गेलं तर ते अख्ख्या खान्देशाच्या कामाला येईल.

आणि हो, फुकटाची सवय थोडी सोडू या. पोरगं सर्व्हरचा खर्च खिशातून भरतं. तो निघाला नाही की जाहिराती येतात, नाहीतर आपले कॉन्टॅक्ट मागणारी ॲप्स येतात. टाइमटेबल दाखवायला कॉन्टॅक्ट कशाला लागतात, हे विचारायला शिका. आणि जे ॲप नको ते मागत नाही, त्याच्या पोराला वर्षाला चहाचे पन्नास रुपये द्या.

मी माझ्या परीने एवढं करतो. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या कोणी लोकांच्या कामाचं साधं ॲप केलं असेल तर मला कळवा. चाचणीच्या बारा जणांत पहिला मी. उरले अकरा. कोण कोण येतंय, सांगा.