दार उघडे, उंबरठा कायम

नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा प्रश्न केवळ देवदर्शनाचा नव्हता. माणूस म्हणून मिळावयाच्या प्रवेशाचा होता. आज त्याच शहरातील अंबडच्या कामगार वस्त्यांतली मुले-मुली संगणकाच्या आज्ञावल्या लिहू लागली आहेत. मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात जगभरचे लोक मिळून काम करतात आणि त्याचे फळ सर्वांसाठी खुले ठेवतात. समाजवाद्यांना ही रीत आपली वाटावी.

परंतु दार उघडे असूनही उंबरठा उंचच आहे. ‘लिनक्स’चे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सहकाऱ्यांशी केलेल्या उर्मट वर्तनाबद्दल सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर माफी मागितली, त्याच सुमारास त्या प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. अशा संहितांनी गुणवत्ता खालावते, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. सदोष आज्ञावली नाकारणे हा गुणवत्तेचा आग्रह होय. ती लिहिणाऱ्याचा पाणउतारा करणे हा केवळ सत्तेचा माज होय.

भारतीयांनी तर अधिकच अंतर्मुख व्हावे. सॉफ्टवेअर उद्योगाचे माहेरघर असलेल्या सिॲटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदास बंदी घालावी लागली. जात सातासमुद्रापार पोहोचली, ती माणसांनीच नेली.

संहिता कागदावर राहून भागणार नाही. तक्रार निर्भयपणे ऐकणारी समिती हवी आणि मराठी शाळेतून आलेल्या मुलीच्या मोडक्या इंग्रजीला न हसणारे सहकारीही हवेत. अंबडच्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न संगणकतज्ज्ञांवर सोपवू नये. तो समतेचाच प्रश्न आहे.