कर संपल्यावरचा हिशेब

भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस संपले. येवल्याच्या गच्च्या रिकाम्या झाल्या, पतंगाच्या आसाऱ्या पुढच्या वर्षासाठी माळ्यावर गेल्या, हलकडीचा आवाज थांबला. पुण्या-मुंबईहून आणि नाशिकहून आलेली माणसे स्टँडवर नाहीतर मनमाडच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट पाहत उभी आहेत. त्यांच्यातला एखादा तरी या तीन दिवसांत म्हणालाच असेल, की कशाला राहायचे त्या शहरात, इथे काय कमी आहे? ऐकणाऱ्या चुलत्याने मान डोलावली असेल आणि उद्या नळाला पाणी येणार की नाही, याचा मनातल्या मनात अंदाज घेतला असेल.

कोठे राहावे हा हिशेब सणाच्या दिवशी मांडू नये, असे आम्हाला वाटते. पाहुणा जमेची बाजू तेवढी लिहितो. गच्ची, तिळगूळ, नावाने हाक मारणारी गल्ली, फारशी न अडणारी वाहतूक हे सगळे खरे आहे. नावेची बाजू मात्र येथे बारा महिने राहणाऱ्याच्या वहीत असते.

मुळात येवला हे गावच असा हिशेब करून आलेल्या माणसांनी वसवले. रघोजी नाईकांनी विणकरांना आणि गुजराती व्यापाऱ्यांना येथे बोलावले, ते हवा चांगली आहे असे सांगून नव्हे. धंद्याला संरक्षण मिळेल आणि माल विकला जाईल, या भरवशावर माणसे आली. साळी, कोष्टी, खत्री, मोमीन यांची घरे आणि माग त्यातून उभे राहिले. खुद्द पैठणीने नाव घेतले पैठणचे, पण संसार थाटला येवल्यात. पैठणला कोणी कमी लेखावे असे नाही, पण कलासुद्धा पोट पाहून मुक्काम हलवते. दुसरीकडे, येवल्याचा सर्वांत नावाजलेला मुलगा बालपणीच गाव सोडून गेला. १८१८ नंतर दुसरा बाजीराव बिठूरला गेला, त्याच्या पाठोपाठ या मुलाचे वडील पांडुरंगपंत यांचे कुटुंबही गेले. येथे १८१४ साली जन्मलेले रामचंद्र पांडुरंग पुढे तात्या टोपे म्हणून ओळखले गेले, ते या गावापासून फार दूर. तेव्हा जो राहिला तो निष्ठावंत आणि जो गेला तो परका, ही भाषा निदान येवलेकरांनी करू नये.

आज हा हिशेब सर्वांत स्पष्ट जुळतो तो विणकराचा. खड्डामाग ही काही टेबलावर मावणारी वस्तू नाही. त्याला जमिनीत खड्डा लागतो, उजेड लागतो, ताणा पसरायला जागा लागते. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, तेही तिसऱ्या मजल्यावर, माग बसत नाही. येथे घराचा पुढचा भाग हाच कारखाना. एक जण मागावर बसतो, दुसरी कांड्या भरते, म्हातारे माणूस रेशमाची गुंतवळ सोडवत बसते. रेशीम बंगळुरूकडून आणि जर सुरतेहून येते, पण ती देणारा व्यापारी, रंगारी, मागाची दुरुस्ती करणारा आणि तयार साडी घेणारा पेढीवाला हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. साधी पैठणी आठवडा-दोन आठवड्यांत उतरते. भरजरी, पदरभर मोर असलेली साडी कित्येक महिने मागावर राहते. इतके दिवस भांडवल अडकवून ठेवायचे तर राहणे स्वस्तच हवे आणि उसनवार देणारा ओळखीचाच हवा. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, येथे पर्यटन केंद्र झाले, ग्राहक थेट मागापर्यंत येऊ लागला. या माणसाला पुणे अधिक चांगले असे सांगणे म्हणजे माशाला गच्चीवरचा देखावा दाखवणे.

पण सगळे येवले मागावर बसत नाही. तालुक्याच्या उत्तर-पूर्वेला, राजापूर-ममदापूरच्या बाजूला गेले की काळवीट दिसतात आणि उन्हाळ्यात टँकर दिसतात. कडवा नदीवरच्या पालखेड धरणाचा डावा कालवा येथवर येतो, पण आपण त्याच्या शेपटाकडे. आवर्तन सुटले की वरची तहान भागल्यावर जे उरेल ते आपले. मांजरपाडा प्रकल्पाचे पाणी दरसवाडीमार्गे डोंगरगावला येईल, या आशेवर एक पिढी म्हातारी झाली. कांदा पिकवणाऱ्याला बाजार जवळ आहे, अंदरसूलला उपबाजार आहे, लासलगाव हाकेच्या अंतरावर आहे. भाव मात्र त्याच्या हाकेला ओ देत नाही. येवला शहरात पाण्याचे हाल असले तरी मनमाडकरांकडे पाहून आपण स्वतःची समजूत काढतो. शेजाऱ्याचे जास्त वाईट आहे हे आपल्या जमेच्या बाजूला लिहिण्याची ही सवय आता सोडायला हवी.

बायकांनी हा हिशेब मांडला तर तो आणखी वेगळा येतो. शेतकऱ्याच्या आणि विणकराच्या मुलाला मुलगी मिळत नाही, अशी तक्रार प्रत्येक मांडवात ऐकू येते. मुलीच्या हट्टाला नावे ठेवली जातात. तिने काय पाहिले आहे ते कोणी विचारत नाही. आईची हंडा-कळशी तिने पाहिलेली असते. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली की नाशिकची वाट धरावी लागते, आणि नाशिक दोन तासांवर आहे, हेही तिला ठाऊक असते. पदवी घेतल्यावर येथे तिच्यासाठी कोणती नोकरी आहे, हे तिने मोजलेले असते. आमच्या मते ती हिशेबात चुकत नाही.

आणि एक रकाना असा आहे, की तो भरल्याशिवाय येवल्याबद्दल काही लिहिणे लबाडीचे होईल. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच गावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला होता. वर्षानुवर्षे थांबूनही दार उघडले नव्हते. नागपूरच्या धम्मदीक्षेला या घोषणेनंतर एकवीस वर्षे आणि एक दिवस लागला. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, हे आपण कौतुकाने सांगतो. ज्याला आडनावावरून ओळखले गेले आणि पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्याला ही ओळख पुसली जाणे हेच शहराचे पहिले सुख होते. अर्थात शहरातला घरमालकही खोली देण्याआधी आडनाव विचारतोच. तरी शंभर दारांपैकी एखादे तेथे उघडते. त्या घोषणेच्या जागेवर, म्हणजे मुक्तिभूमीवर, दर १३ ऑक्टोबरला लोटणारी गर्दी ही या अनुभवाची साक्ष आहे. त्या दिवशी शहरांतून माणसे येवल्यात येतात, ती गावाची आठवण काढायला नव्हे.

सरकारनेही कोठे राहावे याचे मोजमाप करून पाहिले. केंद्राच्या राहणीमान सुलभता निर्देशांकात २०१८ साली पुणे देशात पहिले आले, त्यामागे नवी मुंबई आणि मुंबई. पुणेकरांनी पेढे वाटले. त्याच वेळी हडपसरच्या चौकात अडकलेला येवल्याचा अभियंता काय म्हणाला असेल ते छापण्याजोगे नाही. २०२० च्या यादीत बंगळुरूने पहिला नंबर घेतला. या याद्या मोठ्या आणि निवडक शहरांच्या. २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या आसपास असलेले आपले गाव त्यांत कोठून येणार? आणि आले तरी, मागासाठी खड्डा खणता येतो का, हा प्रश्न तेथे कोणी विचारणार नव्हते.

म्हणून सरसकट निकाल देण्यात अर्थ नाही. ज्याचा माग, दुकान किंवा ओलिताची जमीन येथे आहे, त्याला येवल्यासारखे दुसरे ठिकाण मिळणे कठीण. ज्याच्याजवळ यांपैकी काही नाही, त्या तरुणाला आणि विशेषतः तरुणीला, गावाची ओढ दाखवून थांबवण्याचा आम्हाला हक्क नाही. मात्र नावेच्या बाजूचे बरेचसे आकडे नशिबाने लिहिलेले नाहीत. ठरल्या वेळी येणारे पाणी, रात्री हजर असलेला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ, नाशिकला शिकणाऱ्या मुलींना रात्री घरी आणणारी एसटी, ही मागणी काही चंद्रावरची नाही. पतंगोत्सवाला दिव्यांच्या माळा लावणाऱ्या पुढाऱ्यांनी तेवढ्याच उत्साहाने या तीन गोष्टी हातात घ्याव्यात.

आणि निवृत्तीनंतर येथे परतण्याचा विचार करणाऱ्यांनी येत्या मे महिन्यात पंधरा दिवस राहून पाहावे. नळाला पाणी कितव्या दिवशी येते ते शेजाऱ्याला विचारावे, रात्री दहानंतर दवाखान्यात एक चक्कर मारावी, कचऱ्याची गाडी येते का ते पाहावे. जे दिसेल ते कागदावर लिहून नगरपालिकेत द्यावे आणि पोच घ्यावी. त्यानंतरही राहावेसे वाटले तर जरूर यावे. जुन्या गल्ल्यांत कुलूप लावलेली घरे आहेत आणि भाडे अजून परवडणारे आहे.