कीर्तनकाराची दक्षिणा आणि आपला संकोच

आज चैत्र शुद्ध नवमी. मध्यान्ही ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या मंदिरामंदिरांतून एकाच क्षणी पाळण्याची दोरी हलेल, गुलाल उधळला जाईल आणि सुंठवड्याचा प्रसाद हाती पडेल. त्या क्षणापर्यंत श्रोत्यांस अयोध्येत नेऊन पोहोचविणारा कीर्तनकार एकटाच उभा असतो. गायन त्याचे, निरूपण त्याचे, आख्यानातील दशरथ त्याचा आणि कौसल्याही त्याचीच. परंतु या एकट्या कलावंताचा संसार कशावर चालतो, हा प्रश्न सणाच्या दिवशी सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो आम्ही आज मुद्दाम मांडीत आहोत. उत्सवाच्या पानावर पैशाची भाषा काहींस खटकेल. तथापि ज्या गोष्टीचा उच्चार टाळला जातो, तिच्याच बाबतीत अन्याय नकळत घडतो.

प्रथम धर्माचा आक्षेप पाहू. तुकोबारायांनी कीर्तनकारास बजावले आहे की, जेथे कीर्तन करावे तेथे अन्नही घेऊ नये, बुक्का व माळही स्वीकारू नये, आपल्या बैलास दाणावैरणही मागू नये. द्रव्य घेणारा आणि देणारा दोघेही दोषी. हे वचन आम्हांस शिरसावंद्य आहे. परंतु ते उच्चारणारा महापुरुष कोण होता? ज्यांच्या घराण्यात महाजनकी होती, दुकान होते, आणि ज्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली असे परंपरा सांगते, ते तुकोबा. त्यांचा रोष हरिकथेच्या विक्रीवर होता. कथेकऱ्याच्या मुलाबाळांनी उपाशी राहावे, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

संस्कृत वाङ्मयातही हा वाद जुनाच आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात नाट्याचार्य गणदास म्हणतो की, ज्याची विद्या केवळ उपजीविकेसाठी असते तो ज्ञानाचा व्यापारी होय. हे वचन अनेक जण कलावंताच्या तोंडावर फेकतात. पण बोलणारा गणदास स्वतः अग्निमित्राच्या पदरी वेतन घेणारा आहे, हे विसरतात. त्याच अंकात विदूषक या आचार्यांना मिळणाऱ्या वेतनावरून थट्टाही करतो. तेव्हा त्या वचनाचा सारा भार ‘केवळ’ या शब्दावर आहे. विद्येने पोट भरणे निंद्य नाही. पोटापलीकडे विद्येला काही प्रयोजनच न उरणे निंद्य आहे. आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दक्षिणाहीन यज्ञास तामस म्हटले आहे, हे नित्यपाठ करणाऱ्या घरांस आम्ही काय सांगावे!

पूर्वी या दक्षिणेची व्यवस्था गावाने लावलेली होती. देवस्थानाचे वर्षासन असे, कोठे इनामाची जमीन असे, चातुर्मासात बुवांचा मुक्काम एखाद्या वाड्यात असे आणि शिधा घरोघरून येई. १९४८ चा कुळकायदा आणि वैयक्तिक इनामे रद्द करणारा १९५२ चा कायदा यांनी जमिनीचे जुने नाते बदलले. कसणाऱ्याच्या दृष्टीने तो बदल न्यायाचाच होता. मात्र कथेकऱ्याची जुनी वृत्ती सरली आणि तिच्या जागी नवी वृत्ती कोणी लावून दिली नाही.

ठाणे, डोंबिवली व कल्याण या नगरांनी यावर आपल्या परीने एक तोडगा काढला. दिवसा कचेरीत किंवा शाळेत नोकरी करावी, सायंकाळी लोकलमधून उतरून थेट देवळात जावे, धोतर-उपरणे परिधान करून पूर्वरंगास उभे राहावे. अशा नोकरदार बुवांनी आणि कीर्तनकार भगिनींनी या पट्ट्यातील नारदीय परंपरा टिकविली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु त्या नोकरीला ठरलेली वेळ होती आणि निवृत्तीनंतर वेतन होते. आजच्या तरुणाच्या नोकरीस या दोन्हींची शाश्वती नाही. रात्री आठ वाजता डोंबिवलीच्या फलाटावर उतरणारा मुलगा नऊ वाजता आख्यान कसे रंगविणार?

केवळ मैफलीवर वा केवळ कथेवर संसार चालविणे मोठ्यांसही सोपे गेलेले नाही. ठाण्यात वास्तव्य केलेले संगीतभूषण पंडित राम मराठे (१९२४–१९८९) यांचेच उदाहरण घ्या. बालपणी चित्रपटांत भूमिका, पुढे मैफली, १९६३ च्या ‘मंदारमाला’सारखी संगीत नाटके आणि जोडीला शिष्यांचे अध्यापन, पंडित उल्हास कशाळकरांसारखे गायक त्यांच्याकडे शिकले. एवढ्या थोर गायकाच्या कर्तृत्वाचे प्रवाह जर इतके होते, तर सामान्य कलावंताने एकाच प्रवाहावर कसे तरावे?

कीर्तनकाराची अडचण तर अधिकच विचित्र आहे. रामजन्म मध्यान्ही, हनुमानजन्म सूर्योदयी, कृष्णजन्म मध्यरात्री. त्या घटकेला प्रत्येक मंदिरास कीर्तनकार हवा असतो, आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी उभा राहू शकतो. दुसऱ्या दिवशी त्याला कोणी विचारीत नाही. दुकानदार सणासाठी माल भरून ठेवतो. कंठ असा भरून ठेवता येत नाही. आरतीच्या ताटाचीही गत पाहा. आता खिशात नाणे नसते, व्यवहार सारे भ्रमणध्वनीवरून होतात. ताट फिरते आणि बहुधा रिकामेच परत येते.

या वृत्तीचा पाया किती ठिसूळ आहे, हे २०२० साली दिसले. त्या वर्षी गुढीपाडव्याच्याच दिवशी, २५ मार्चला, देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि २ एप्रिलचा रामजन्म बंद दारांआड झाला. राज्यातील मंदिरे दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. पुन्हा बंद झाली ती २०२१ च्या घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला उघडली. लागोपाठ दोन रामनवम्या आणि दोन गोकुळाष्टम्या गेल्या. ज्यांची वर्षाची प्राप्ती त्या चार-सहा उत्सवांवर होती, त्यांनी काय केले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

शासन काहीच करीत नाही असे नाही. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांच्या मानधन योजनेत २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये केले गेले. तो उपकार मोठा आहे. पण तो उतारवयाचा आधार आहे. पंचविशीतील कीर्तनकारास तो या मार्गावर ठेवू शकत नाही. दुसरीकडे, मोजक्या लोकप्रिय कीर्तनकारांच्या मानधनाचे मोठमोठे आकडे चर्चेत येतात आणि त्या मापाने सर्वांसच धनलोभी ठरविले जाते. शिखरावरचा एक दिवा पाहून साऱ्या गावात उजेड आहे, असे समजण्यातला हा प्रकार.

आता आमचाही दोष सांगतो. काही वर्षांपूर्वी डोंबिवलीत एका ठिकाणी चैत्र नवरात्राची नऊ कीर्तने आम्ही केली. बिदागीचे विचारले तेव्हा परिपाठाप्रमाणे ‘द्याल ते’ म्हणालो. मंडपवाल्याची व ध्वनिवर्धकवाल्याची रक्कम आगाऊ ठरली होती; आमचे पाकीट शेवटच्या दिवशी नारळाबरोबर आले. पेटी व तबल्याच्या साथीदारांना त्यांचे दिल्यावर परतीच्या भाड्यापुरते उरले. यजमान कृपण नव्हते; त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्या दिवशी आमचा तरुण शिष्य सोबत होता. गाडीत तो म्हणाला, “बुवा, कीर्तन सोडायचे नाही मला. पण घरमालकाला ‘द्याल ते’ कसे सांगू?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज तो एका कचेरीत आहे. त्याचा कंठ अजून कानांत आहे. आमच्या संकोचाने आमचे काही गेले नाही, परंपरेचा एक वारस मात्र गेला.

म्हणून मंदिरांच्या विश्वस्तांपुढे आणि भाविक कुटुंबांपुढे आम्ही काही सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, दक्षिणा किती ते निमंत्रणाच्या वेळीच यजमानाने आपण होऊन सांगावे आणि साथीदारांची रक्कम निराळी धरावी. दुसरी, विश्वस्त संस्थांचे हिशेब १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तपासले जातातच. त्यांच्या अंदाजपत्रकात रोषणाईप्रमाणे कीर्तनाचे स्वतंत्र वार्षिक कलम असावे. तिसरी, वर्षाच्या चोवीस एकादशा मोकळ्या आहेत. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा काढली आणि ती प्रथा महाराष्ट्रभर पसरली. ज्या नगरात हे घडले, तेथे दर एकादशीस एक कीर्तन अशक्य आहे काय? चौथी, मुलांच्या पाठांतराचे व गायनाचे वर्ग तरुण कीर्तनकारांकडे सोपवावेत. त्यातून महिन्याची प्राप्तीही होईल आणि उद्याचा श्रोताही घडेल.

आणि पाचवी सूचना कीर्तनकारांस. दक्षिणा ठरवून घ्यावी. परंतु ज्या घरी ती देण्याची ऐपत नाही तेथे वर्षातून काही कीर्तने विनामूल्य करण्याचा नेम धरावा. म्हणजे गणदासाच्या वचनातील ‘केवळ’ हा शब्द आपल्यास लागू होणार नाही आणि तुकोबारायांपुढे मान वर करून उभे राहता येईल. द्रव्यावाचून कोठे कीर्तन अडू नये, आणि कीर्तनापायी कोणाचा संसार अडू नये. दोन्ही सांभाळणे हाच धर्म.

आज दुपारी पाळणा हलवून झाल्यावर, सुंठवडा घेऊन घरी परतण्यापूर्वी, व्यासपीठावर घाम टिपीत उभ्या असलेल्या त्या एकट्या व्यक्तीपाशी क्षणभर थांबावे. नमस्कार करावा आणि पुढील एकादशीचे निमंत्रण द्यावे, दक्षिणेच्या स्पष्ट आकड्यासह. श्रीरामप्रभूंच्या जन्मोत्सवी याहून उचित सेवा आम्हांस तरी दिसत नाही.